बिनस्क्रीनचा कॉम्प्युटर

प्रिय कल्पिता,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांचं बीपी गोळीने ताब्यात आहे आणि माझा गुडघा होता तिथेच आहे. कागदावर लिहितेय ते एवढ्याचसाठी, की तुझा फोन तुझ्याआधी क्षिप्रा उघडते. मागे मी तुला तिच्या वाढदिवसाच्या फ्रॉकचा फोटो पाठवला, तर उत्तर तिचंच आलं, आजी निळा नको म्हणून. आता जे विचारणार आहे ते तिने आधी वाचू नये. तू वाच, उत्तमरावांना दाखव, आणि मग काय ते ठरव.

विचारायचंय एका कॉम्प्युटरबद्दल. हसू नकोस. तू ऑफिसात दिवसभर त्याच्यासमोरच बसतेस, तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मला समजावून समजावून सगळे थकले, तरी डोक्यात एक धड चित्र उभं राहत नाही. झालं असं, की एक दिवस सकाळी पोहे खाताना बाबा म्हणाले, आपण एक कॉम्प्युटर घेऊ या. मी म्हटलं, घेऊ या की. निवृत्त झाल्यापासून हा माणूस स्वतःसाठी काही मागत नाही, चपलासुद्धा मी ओढून नेल्याशिवाय घेत नाहीत, तेव्हा मला बरंच वाटलं. मग म्हणाले, साधा नको, कीबोर्डमध्ये असतो तो. मला वाटलं कीबोर्ड घ्यायचाय. ते म्हणाले, नाही, कॉम्प्युटर. मी विचारलं, मग कीबोर्ड कुठला? ते म्हणाले, तोच. याच्यापुढे आमचं बोलणं गेलं नाही. एकच गोष्ट दोनदा सांगायचा त्यांना किती कंटाळा येतो ते तुला माहीत आहे.

मी समोरच्या ब्लॉकमधल्या अद्वयला बोलावलं. तू इथे होतीस तेव्हा कॉलेजला जायचा, आता पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. त्याने फोनवर चित्र दाखवलं. पांढराशुभ्र कीबोर्ड, इतर कीबोर्डांपेक्षा किंचित जाड, आणि कॉम्प्युटरचं सगळं सामान त्याच्याच पोटात. टेबलाखालचा डबा नाही, पंखा नाही, त्यामुळे घरघर नाही. आपण लिहू ते सगळं मोबाईलमध्ये घालतो तसल्या नखाएवढ्या कार्डात साठतं. विंडोज नसतं, दुसरंच काहीतरी फुकटातलं असतं. मी म्हटलं, छान, पण दिसणार कुठे? अद्वय म्हणाला, काकू, स्क्रीन नसतोच, तो टीव्हीला जोडायचा. आता आपला टीव्ही तुला माहीत आहे. त्याला तसलं भोक एकच, आणि त्यात सेट-टॉप बॉक्सची वायर. म्हणजे हे कॉम्प्युटर करणार तोवर माझी मालिका बंद. मी तसं म्हटलं तर बाबा म्हणाले, आपल्या टीव्हीला नाही जोडायचा. मग कोणाच्या, असं विचारेपर्यंत ते अद्वयला वायर किती लांब येते ते विचारायला लागले होते.

अद्वयचं मत सरळ होतं. तो म्हणाला, विश्रामकाका, जेवढ्यात हा कीबोर्ड, माउस आणि वायरी घेणार, त्यात थोडी भर घातली की वापरलेला का होईना पण चांगला लॅपटॉप येतो. त्याला स्क्रीन आहे, कॅमेरा आहे, लाइट गेली तरी चालतो. या कीबोर्डात बॅटरी नाही, कॅमेरा नाही, आपला प्रिंटर त्याच्याशी बोलेल की नाही देव जाणे. मग तो इकडेतिकडे बघून म्हणाला, नाहीतर आत केदारदादाचा कॉम्प्युटर आहेच, तोच सुरू करून देतो, काही घ्यायलाच नको.

पोरगं भलेपणाने बोललं. केदारच्या टेबलावर तो कॉम्प्युटर तू ठेवून गेलीस तसाच आहे. आपला केदार जाऊन चार वर्षं झाली, पण त्याच्यावरची धूळ बाबा स्वतः पुसतात. मला हात लावू देत नाहीत, वायर ओढशील म्हणतात. अद्वयचं बोलणं ऐकून ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, तो केदारचा आहे. अद्वयचे कान लाल झाले. मी चहा टाकायला उठले, खरं तर चहा आमच्यासमोरच होता.

त्यानंतर मी विषय काढला नाही. काढला त्यांनीच. म्हणाले, कल्याणला दुकान आहे, प्रत्यक्ष बघून येऊ. गेलो. दुकानदार तरुण होता, गोड बोलत होता. त्यानेही तेच सांगितलं. काका, घरी वापरायला असेल तर लॅपटॉप घ्या, हे शाळेतल्या मुलांना आणि आमच्यासारख्या उचापती लोकांना बरं. काही बिघडलं तर कार्ड पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, मुलं घाबरत नाहीत, हा त्याचा फायदा. बाबांनी हे मन लावून ऐकलं आणि मग खांद्यावरची शबनम उतरवून त्यात तो कीबोर्ड मावतो का ते बघितलं. खोक्यासकट नाही मावला. खोक्याबाहेर काढून घातला, तेव्हा मावला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी रस्त्याकडे. बाबांनी पिशवी खांद्याला लावून दुकानातल्या दुकानात चार पावलं टाकली आणि म्हणाले, जड नाही. मग परत दिला. घेतला नाही. विचार करून सांगतो म्हणाले. येताना मी विचारलं, पिशवीत घालून नेणार कुठे तो? म्हणाले, बघू.

कल्पिता, खरं सांगू का, तेव्हापासून मला भीतीच वाटायला लागली. माणूस सत्तरीला आला. सबंध आयुष्य अंबरनाथच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून रेघा मारल्या, एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही. आणि आता जो कॉम्प्युटर घरात जोडायचा नाही तो घ्यायचा म्हणतो, त्याला दिसायला स्क्रीन नाही, आणि तो पिशवीत घालून कुठेतरी जायचं म्हणतो. त्यातच एक दिवस जेवताना वरणभात कालवता कालवता एकदम म्हणाले, एकशे चव्वेचाळीस. मी विचारलं, काय? म्हणाले, काही नाही, दुप्पट करायला हवं होतं. मला एकशे चव्वेचाळीस म्हटलं की जमावबंदी आठवते. टीव्ही लावून बघितला, कुठे काही झालेलं नव्हतं. पुढच्या दोनचार दिवसांत तो आकडा त्यांच्या तोंडून आणखी एकदा ऐकला, दाढी करताना. आणि दुपारी झोपायचे ते बाहेर जायला लागले. वाचनालयात जातो म्हणायचे, पण हातात पुस्तक नसायचं.

माझ्या मनात काय आलं असेल ते तुला सांगायला नको. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे, मग पिशवी, मग एक दिवस ती टिटवाळ्याला सापडली. मी बीपी तपासायच्या निमित्ताने त्यांना आपल्या डॉक्टरांकडे नेलं आणि डॉक्टरांना आधीच फोन करून ठेवला. त्यांनी गप्पा मारल्यासारखं करून वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबांनी शेवटपर्यंत वजा केले आणि मग डॉक्टरांना म्हणाले, माझ्या बायकोला माझी काळजी वाटते ते मला कळलंय, पण मला काही झालेलं नाही, तुम्ही बीपी बघा. डॉक्टर हसले. मला मात्र धड हायसंही वाटेना. डोकं शाबूत असूनही माणूस असं का वागतो, हे तर त्याहून अवघड.

मग टिटवाळ्याची वास्तुशांत आली. श्रीपादभावजींनी, म्हणजे बाबांच्या चुलतभावाने, तिकडे नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. तू त्यांना ओळखतेस, तुझ्या आणि केदारच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत गाणं म्हटलं होतं ते. घर छान आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. पूजा झाली, लोक प्रसादाला बसले, आणि मला बाबा कुठे दिसेनात. बघते तर हॉलमध्ये भिंतीवर लावलेल्या मोठ्या टीव्हीला गाल चिकटवून उभे. एक हात टीव्हीच्या मागे कोपरापर्यंत घातलेला. भावजींना वाटलं त्यांची अंगठी पडली. वहिनी टॉर्च घेऊन आल्या. बाबांनी हात काढून घेतला, झटकला आणि भावजींना विचारलं की हल्ली नव्या घरांत टीव्ही असाच भिंतीला टेकवून लावतात का, आणि मागे वायर घालायची झाली तर बाजूने हात जातो की टीव्ही उतरवावा लागतो. भावजी म्हणाले, विश्राम, तुझ्या घरी टीव्ही टेबलावर आहे, तुला कशाला ही चौकशी? बाबा म्हणाले, माझ्या घरचं नाही विचारत.

परतताना मी तेच एक वाक्य घोळवत बसले. माझ्या घरचं नाही. मग कोणाच्या घरचं? मला वाटलं एखादा मित्र असेल. पण बाबांना मित्र किती, ते तुला माहीत आहे. जे होते ते कारखान्यातले, त्यातले निम्मे गेले.

उलगडा झाला तो भाजीबाजारात. एक हसरी मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुम्ही विश्रामकाकांच्या घरच्या ना, काका फार छान शिकताहेत हं. मी मेथीची जुडी हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. तिचं नाव करिश्मा, आयरे रोडला मुलांचा कॉम्प्युटरचा क्लास घेते. संध्याकाळी मुलं येतात, दुपारी क्लास रिकामा असतो, त्या वेळात बाबा तिच्याकडे जातात. मला काहीच माहीत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली. मी म्हटलं, उद्या मीपण येते, त्यांना सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी गेले. दाराला काच होती, आतलं दिसत होतं. बाबा टेबलाशी बसले होते, नाकावर चष्मा, समोर तसाच पांढरा कीबोर्ड, आणि त्याची वायर भिंतीवरच्या एका टीव्हीला. ते एका बोटाने एक एक अक्षर शोधून दाबत होते, आणि टीव्हीवर एक कासव चालत होतं. खरंच कासव, लहानसं, हिरवं. यांनी लिहायचं की इतकं पुढे जा, इतकं वळ, की ते तसं जायचं आणि मागे रेघ उमटायची. मी दार ढकलून आत गेले. बाबांनी मान वळवली, मला बघितलं, आणि पकडलं गेल्यासारखं काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. म्हणाले, ये, बस, हे बघ. त्यांनी एक बटण दाबलं. कासव निघालं, वळलं, पुन्हा निघालं, आणि बघता बघता पाच टोकांची चांदणी पुरी करून जिथून निघालं तिथे येऊन थांबलं. करिश्माने मला सांगितलं, चांदणीच्या प्रत्येक टोकाशी कासवाला एकशे चव्वेचाळीस अंश वळावं लागतं. बाहत्तर वळलं तर चांदणी होत नाही, पंचकोन होतो. बहुतेक मुलं तिथे चुकतात.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्याही पडला असेल. क्षिप्रा रविवारी मला फोन करते, तू स्वयंपाकघरात असतेस तेव्हा. माझे कान हल्ली कमी झाल्यामुळे मी स्पीकर लावते. बाबा त्या वेळी आतल्या खोलीत पेपर वाचत असतात. ती विचारते, आजोबा कुठेत, मी सांगते, पेपर वाचताहेत, आणि मग आम्ही दोघी बोलत बसतो. दोन महिन्यांपूर्वी तिने मला भरभरून सांगितलं होतं की शाळेत नवे कॉम्प्युटर आलेत, आजी, अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डच्या आत असतो. मी हो का, हो का केलं आणि विसरून गेले. मग एकदा ती रडवेली होती. म्हणाली, मी चांदणी काढायला जाते आणि घरासारखंच काहीतरी होतं, सगळ्यांची होते, माझीच होत नाही. मी म्हटलं, होईल गं राणी. मला काय कळतंय त्यातलं? आतल्या खोलीत ते ऐकलं त्यांनी. आणि त्यांना उत्तर माहीत होतं, कल्पिता. आयुष्यभर तेच केलंय त्या माणसाने, कोन मोजलेत. उठून चार पावलं आले असते आणि फोनमध्ये सांगितलं असतं, पिल्ला, दुप्पट वळव, तर त्याच मिनिटाला झालं असतं. नाही आले. पुढच्या रविवारी तिने सांगितलं की टीचरने करून दाखवली. बस, तेव्हापासून यांच्या डोक्यात तो आकडा फिरत होता.

आम्ही करिश्माकडून निघालो आणि घरी न जाता नेहरू मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. समोर मुलं क्रिकेट खेळत होती. बाबाच बोलले. म्हणाले, पुढच्या खेपेला ती अडली तर तिथे असायला हवं. मी म्हटलं, मग लॅपटॉप घेऊ. अद्वय म्हणतो, दुकानदार म्हणतो, सगळे म्हणतात. पिशवीत घाला आणि चला माझ्याबरोबर ठाण्याच्या तलावपाळीला, मी महिन्यातून एकदा कल्पिता-क्षिप्राला भेटते तिथे. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी शब्द न बदलता लिहितेय. म्हणाले, “लॅपटॉप घेतला तर मी तिला तलावपाळीच्या बाकावर बसून दाखवीन, आणि मग तिथेच बसत राहीन. याला टीव्ही लागतो. टीव्ही घरात असतो.”

मला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते क्रिकेटकडे बघत होते.

मागच्या वर्षी ठाण्याला रजिस्टर ऑफिसात तुझं आणि उत्तमरावांचं लग्न झालं, तेव्हा मी आले आणि बाबा आले नाहीत. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस, त्याबद्दल मी तुला मनातल्या मनात किती दुवा दिला असेल. मलाही त्याचा अर्थ लागला नव्हता. तू लग्न करावंस असं मी आधी म्हटलं होतं, तेव्हा ते नाही म्हणाले नव्हते. हो पण म्हणाले नव्हते. त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले, मला वाटलं येताहेत, आणि मी निघताना म्हणाले, तू जा. त्यानंतर तू दोनदा घरी बोलावलंस, आणि दोन्ही वेळा मी शीळफाट्याच्या ट्रॅफिकचं कारण सांगितलं. त्यांना सोडून तुझ्या घरात पाऊल टाकणं मला बरं वाटेना, आणि त्यांना विचारणं जमेना.

त्या कट्ट्यावर मी विचारलं. का नाही आलात? ते म्हणाले, तिथे मला काही काम नव्हतं. मग म्हणाले, केदारच्या जागी कोणी उभं राहिलेलं बघायला मन धजलं नाही, आणि एकदा न गेल्यावर पुढे जायला तोंड राहिलं नाही. क्षिप्रा फोनवर पप्पा म्हणते, ते मी ऐकतो, म्हणाले. सुरुवातीला ऐकवत नव्हतं. आता ती पप्पांनी टीव्ही भिंतीवर लावला, पप्पांनी सायकलचा ब्रेक दुरुस्त केला असं सांगते, तर वाटतं, बरा माणूस दिसतोय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मला रिकाम्या हाताने कल्पिताच्या घरी जायला जमायचं नाही गं. हातात काहीतरी काम हवं.”

आता तू म्हणशील, मग अडलंय कुठे, घ्या तो कीबोर्ड. अगं, तिथेच तर माझा गोंधळ आहे. करिश्माला मी वेगळं गाठून विचारलं की बाई, घेण्यासारखा आहे का ते एकदा सरळ सांग. तिने प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणाली, काकू, तुमच्या घरी एकट्या काकांना वापरायचा असेल तर नका घेऊ, बँकेची कामं, व्हिडिओ कॉल, छपाई, सगळ्याला लॅपटॉप सोयीचा. पण नातीच्या शेजारी बसून, मोठ्या टीव्हीवर दोघांनी मिळून काही करायचं असेल तर याच्यासारखी मजा नाही. शाळेत आहे तसाच असल्यामुळे तिला काही नवीन शिकावं लागणार नाही, आणि कार्ड काढलं की दोघांचं काम खिशात घालून कुठेही नेता येतं. म्हणजे घ्यावा की न घ्यावा हे त्या कॉम्प्युटरवर नाहीच, तो कुठल्या घरात जोडला जाणार यावर आहे. आणि ते ना मला ठरवता येत, ना बाबांना.

मी रोज वेगवेगळा विचार करते. एका दिवशी वाटतं, जाऊ देत की, इतक्या दिवसांनी माणूस उठून कुठेतरी जायचं म्हणतोय. दुसऱ्या दिवशी वाटतं, तुझा संसार आत्ता कुठे बसतोय, त्यात केदारचे वडील दर आठवड्याला हॉलमध्ये येऊन बसले तर उत्तमरावांना कसं वाटेल? ते भले आहेत म्हणून नाही म्हणणार नाहीत, आणि नाही न म्हणता येणं हे फार वाईट. तुझ्या सासूबाई पुण्याहून येऊन राहतात, त्यांना काय सांगशील, हे कोण? क्षिप्रा दोघांच्या मध्ये अवघडेल का? आणि बाबांचं काय होईल? तुमच्या घरात केदारचा फोटो आहे की नाही, मला माहीत नाही. असला तर त्यांना एक होईल, नसला तर दुसरं. दारातूनच परत फिरले तर? पुन्हा खुर्चीत बसले, तर या वेळी मी त्यांना कशी उठवू? आणि मधेच असंही वाटतं की मी उगाच एवढ्याशा वस्तूचा एवढा काथ्याकूट करतेय, आजोबांनी नातीला चांदणी शिकवायची, त्यात काय मोठं. मग पुन्हा वाटतं, नाही, मोठंच आहे.

तर हे पत्र त्यासाठी. ते स्वतः तुला विचारणार नाहीत, त्यांना ते येत नाही, म्हणून मी विचारतेय. बुधवारी नाहीतर शनिवारी दुपारी, तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा, बाबांनी वाघबीळला तुमच्या घरी येऊन तासभर क्षिप्राबरोबर बसलेलं चालेल का? उत्तमरावांना आधी विचार, आणि ते घरात असतील असाच दिवस सांग, त्यांच्या पाठीमागे नको. तुम्हाला हे जड वाटत असेल तर तेही मोकळेपणी सांग. मला वाईट वाटणार नाही असं खोटं लिहीत नाही, वाटेल, पण मी समजू शकेन, आणि बाबांना मी एवढंच सांगेन की अद्वयचं ऐका, लॅपटॉप घ्या. तू हो म्हणालीस तर उद्याच कल्याणला जाऊन तो कीबोर्ड आणते. क्षिप्राला यातलं काही कळू देऊ नकोस, तिने वाट बघत बसावं आणि आजोबा येऊ नयेत असं तिच्या वाट्याला यायला नको. फोन केलास तर ती शाळेत असताना कर. मी तुला सून म्हणायचं की लेक म्हणायचं, यात वर्षभर चाचपडतेय आणि अजून ठरलेलं नाही. तोवर जुनं तेच लिहिते.

तुझीच,
आई

ता. क. पाकीट चिकटवून टेबलावर ठेवलं होतं. बाबा बाहेर निघाले होते, त्यांनी ते उचललं, वरचं नाव वाचलं. म्हणाले, पिनकोड चुकलाय, शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत. पोस्टाच्या खिडकीवर उभा जन्म काढला मी, आणि तुझा पिनकोड त्यांनी सांगितला, कुठेही न बघता. मी पाकीट पुन्हा उघडून हे लिहितेय. ते चपला घालून दारात उभे आहेत, पत्र टाकायला स्वतःच जातो म्हणतात.